देशी डुकरीण निवडताना काय पाहावं?

धानवाला_साकोली:
नमस्कार. अडीच एकर धान आहे, त्यामुळे घरी कोंडा आणि कणी भरपूर निघते. दोन काळ्या देशी डुकरिणी आणि एक नर घेऊन बंदिस्त पालन सुरू करायचं आहे. एकाच माणसाकडे तिन्ही स्वस्तात मिळत आहेत. काही जण म्हणतात पांढरं यॉर्कशायर, म्हणजे विलायती जातीचं डुक्कर घे. ज्यांनी स्वतः पाळली आहेत त्यांनी सांगावं.

नागभीडची_काकू:
भाऊ, तिन्ही एका घरून घेऊ नका. बहुतेक एकाच आईची निघतील. सख्ख्या भावंडांची जोड लागली की पिल्लं कमी होतात, मरतुकडी होतात, बेंबीशी हर्नियाची गाठ असलेलीही निघतात. मादी एका गावची घ्या, नर दुसऱ्या गावचा. पुढे त्याच्या पोरी ठेवणार असाल तर त्या माजावर यायच्या आत नर बदला.

पांढऱ्याच्या मागे लागू नका. यॉर्कशायरला पिल्लं जास्त होतात, हे खरं. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि त्या पांढऱ्या कातडीला ऊन भाजतं. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून काळ्यालाही सावली आणि चिखलाचं डबकं पायजेच. एवढंच की काळं आपल्या उन्हात निभावतं.

आता निवडीचं. पिल्लू पाहायला जाल तेव्हा आधी त्याची आई पाहा, तीही पिल्लांसोबत असतानाच. चांगली डुकरीण पुढचे गुडघे टेकते, भिंतीला अंग घासत हळूहळू कलते, घुरघुरते, आणि तेवढ्यात पिल्लं बाजूला सरतात. धपकन पडणारी आई पिल्लं चेंगरते, आणि तिच्या पोटची मादी मी तरी घरात घेणार नाही. मग मादीला आडवी पाडून सड मोजा. १२ तरी हवेत, दोन्ही बाजूंना सारखे, आत दबलेला आंधळा सड नको. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवतं आणि दूध सुटेपर्यंत तोच धरतं. सड कमी पडले की शेवटचं पिल्लू उपाशी राहतं. पायही पाहा, नराचे तर नक्कीच, कारण मागचे पाय कमजोर असले तर तो चढणारच नाही.

भरवणी, म्हणजे मादीला नर दाखवणं, दिवाळीच्या सुमारास करा. गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे होळीच्या आधी विण होते आणि उन्हाळा तापायच्या आत पिल्लं दुधावरून सुटतात. मे महिन्यात उन्हाने तापलेल्या नराचं वीर्य पुढे महिना-दीड महिना कमजोर राहतं, म्हणून जूनची भरवणी बरेचदा वाया जाते. माज २१ दिवसांनी फिरून येतो. पाठीवर दाबल्यावर डुकरीण कान ताठ करून उभी राहिली की त्या दिवशी नर दाखवा आणि दुसऱ्या दिवशी परत.

गुरांचा_दवाखाना_आर्मोरी:
काकूंशी सहमत. थोडी भर घालतो. सरकीची ढेप डुकरांना देऊ नका. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या विषाने हृदय निकामी होतं. गाय पचवते, डुकराला ते जमत नाही. नुसत्या कोंड्यावर वाढही होत नाही, तुरीची चुणी किंवा सोयाबीनची ढेप मिसळा. हॉटेलचं उष्टं उकळल्याशिवाय देऊ नका. त्यातल्या डुकराच्या मांसातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा ताप येऊ शकतो. तो २०२० मध्ये ईशान्य भारतातून देशात शिरला, आणि त्यावर औषध नाही. साध्या स्वाइन फीव्हरची लस मात्र आहे, ती टोचूनच घ्या. फरशीवरच्या पिल्लांना माती मिळत नाही आणि आईच्या दुधात लोह नगण्य असतं, म्हणून तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन द्या. गोठा घरापासून लांब बांधा. धानपट्ट्यात डास फार, आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या अंगात वाढून डासांमार्फत माणसात येतो.

धानवाला_साकोली:
फार उपयोगी पडलं. काकू, त्या माणसाला आई दाखव म्हटलं तर म्हणतो, ती विकली. मादी मात्र देखणी आहे, १४ सड आहेत. घेऊ का?

नागभीडची_काकू:
त्याच आईच्या दुसऱ्या पोरी गावात कोणाकडे असतील, त्या व्यालेल्या असतील तर जाऊन पाहा. पिल्लं नीट वाढवत असतील तर मादी घ्या. नर मात्र त्याच्याकडून नको. ब्रह्मपुरीच्या बाजूला चौकशी करा.