मदत हवी आहे: लेकीची खोली, जुन्या बाजारातलं जाळीचं कपाट आणि बाबांची चित्रं

नमस्कार मंडळी,

लेक सहा वर्षांची झालीये, जूनपासून तिची वेगळी खोली करायचं ठरलंय. कोथरूडला वरच्या मजल्यावर छोटीशी खोली आहे, पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. रेडिमेड किड्स रूमचा सेट घ्यायचा नाहीये, घरातच इतकं काही पडून असताना बाहेरून कार्टूनचे स्टिकर आणून चिकटवायचं अगदी जिवावर येतं.

माझे बाबा सातारा जिल्ह्यात चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना दाखवायला म्हणून त्यांनी केलेली वस्तुचित्रं, स्मरणचित्रं यांचा गठ्ठाच आईकडे ट्रंकेत आहे, सगळी पोस्टर कलर नाहीतर वॉटर कलरमधली, साध्या ड्रॉइंग पेपरवर. त्यातलं एक एसटी स्टँडचं आहे, डोक्यावर बोचकं घेतलेली बाई, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस, आणि वर आभाळात रंग पातळ झालाय तिथे पेन्सिलीच्या रेघा अजून दिसतात. लेक त्या चित्रापाशी बसून राहते, "या एसटीला डोळे का नाही काढले आजोबांनी?" असं विचारते आणि मग स्वतःच्या वहीत डोळेवाली एसटी काढते. मला दोघांची चित्रं शेजारी शेजारी लावायचीयेत. बाबा तिच्या जन्माआधीच गेले, त्यांची ओळख तिला या चित्रांतूनच होणार आहे.

आई म्हणते ओरिजिनल लावू नकोस, रंग उडतील, प्रिंट काढून लाव. मला वाटतं ट्रंकेत ठेवून तरी काय, कसर लागणारच. तुम्ही काय कराल?

दुसरं म्हणजे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून एक जाळीचं कपाट आणलंय, पूर्वी दूध-दही ठेवायचे तसलं. सागवानी आहे, दारं अजून घट्ट बसतात, पुस्तकं-खेळण्यांना एकदम मस्त. पण त्यावर हिरव्या ऑइल पेंटचे थरावर थर आहेत, बिजागरीपाशी पोपडे सुटलेत, आत निळा आणि त्याच्याही आत पांढरा दिसतो. नवरा म्हणतोय गॅलरीत बसून पॉलिश पेपरने घासून काढू. चालेल का?

आणि सासूबाईंनी इरकलीची गोधडी शिवलीये, ती मला भिंतीवर टांगावीशी वाटते, त्या म्हणतात गोधडी अंगावर घ्यायची असते.

प्रतिसाद १

ताई, कपाट अजिबात घासू नका! जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायची दाट शक्यता असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला फार वाईट. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम २०१६ मध्ये झाला, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, आणि तुमच्या कपाटाचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे दिसतायत. कोरडं घासलं की ती धूळ गॅलरीतून घरभर जाते, हात तोंडात गेला की पोटात. हीट गनही नको, तापवलं की धुरातून शिसं जातं. पॉलिशवाल्याकडे त्याच्या वर्कशॉपमध्ये द्या, कशामुळे ते त्यालाही सांगा, म्हणजे तोही मास्क घालेल, आणि पेंट रिमूव्हर लावून ओलं असतानाच खरवडायला सांगा. वरून नुसता नवा रंग मारला तर बिजागरीपाशी घासून परत निघतो. तोवर कपाट लेकीच्या हाताला लागेल असं ठेवू नका. घरी आलं की भिंतीला क्लॅम्पने पक्कं करा, मुलं खणांवर पाय देऊन चढतात.

प्रतिसाद २

मी फ्रेमिंगचं काम करतो. आईंचं बरंचसं बरोबर आहे, पण सगळंच ट्रंकेत नको. आधी सगळी चित्रं नीट स्कॅन करून घ्या, निदान ३०० डीपीआयला (डीपीआय म्हणजे स्कॅनची बारकाई), म्हणजे मूळ आकाराची प्रिंट चांगली येते. मग एक-दोन ओरिजिनल खुशाल लावा, फक्त आतल्या भिंतीवर, जिथे थेट ऊन येत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर काहीच नको, पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरेल. फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, लावायलाच सांगा, काच चित्राला टेकली की दमट हवेत पोस्टर कलर काचेला चिकटतो आणि काढताना रंग निघून येतो. मागचा पुठ्ठा अ‍ॅसिड-फ्री हवा, साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. चित्राच्या मागे सेलोटेप लावू देऊ नका. मुलांची खोली आहे तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक बरं. आणि डांबरगोळ्या त्या खोलीत नकोत, मुलं गोळी समजून तोंडात घालतात.

प्रतिसाद ३

गोधडीचं सासूबाईंचं ऐका हो. टांगायचीच असेल तर मागच्या बाजूला वर कापडाची नळी शिवून त्यातून दांडी घाला, खिळे मारले की वजनाने कापड फाटत जातं.

धागाकर्ती

खूप खूप आभार सगळ्यांचे, शिशाचं तर डोक्यातच नव्हतं! नवऱ्याला वाचून दाखवलं, कपाट प्लास्टिकमध्ये गुंडाळून सध्या खाली पार्किंगमध्ये ठेवलंय, पॉलिशवाला येऊन घेऊन जाईल. एसटी स्टँडचं ओरिजिनल दाराशेजारच्या आतल्या भिंतीवर, बाकीच्यांच्या प्रिंट, आणि त्याच उंचीवर दोरी-चिमटे लावून लेकीची चित्रं, म्हणजे तिला हवी तेव्हा बदलता येतील. आई स्कॅनला तयार झालीये, गठ्ठा स्वतः घेऊन येते म्हणाली. गोधडी पलंगावरच. आता एवढंच सांगा, कोथरूड-कर्वेनगर भागात अ‍ॅसिड-फ्री माउंट ठेवणारा फ्रेमवाला कुणाला माहितीये का? मे संपायच्या आत काम द्यायचंय.