मुलीला ‘परित्यक्त’ ठरवलं, अपीलला ११ दिवस उरलेत, कुठून सुरुवात करू?

सातपूरची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच इथे लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी तीन वर्षांची आहे आणि गेले दहा महिने ती एका संस्थेत आहे. आता तिकडच्या बाल कल्याण समितीने ऑर्डर काढलीय की ती परित्यक्त आहे आणि दत्तक द्यायला कायदेशीररीत्या मोकळी आहे. परित्यक्त म्हणजे काय ते भावाला विचारलं तर तो काहीच बोलेना, मग कंपनीतल्या एका ताईंनी सांगितलं की टाकून दिलेली. मी तिला टाकलेलं नाही हो.

झालं असं की माझं सासर शेजारच्या जिल्ह्यात, आम्ही तिकडेच राहायचो. नवरा मागच्या वर्षी घर सोडून गेला तो गेलाच. त्यानंतर माझी झोप उडाली, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, कानात आवाज यायचे, कोणीतरी पाळतीवर आहे असं वाटायचं. एके दिवशी मुलीला शेजारच्या मावशींकडे दिली, अर्ध्या तासात येते म्हणाले आणि निघाले. त्यापुढचं मला तुकड्या-तुकड्यानेच आठवतं. सहाव्या दिवशी रेल्वे पोलिसांना मी एका स्टेशनवर सापडले, पायात चप्पल नव्हती. तिथून दवाखान्यात, अडीच महिने ॲडमिट. मावशींनी तीन दिवस वाट बघून १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला, त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी मुलीला रस्त्यावर नाही सोडलं. माझ्या भावाने नाशिकला पोलिसात आम्हा दोघींचीही मिसिंग दिली होती पण मुलगी त्या जिल्ह्यात आणि मिसिंग या जिल्ह्यात, मेळ बसलाच नाही.

सुट्टी मिळाल्यावर भाऊ मला सातपूरला घेऊन आला. आता एमआयडीसीत पॅकिंगला जाते, औषधं सिव्हिलमधून चालू आहेत, एक दिवस चुकवत नाही. मुलगी कुठे आहे हे कळायलाच चौथा महिना उजाडला. तेव्हापासून सात वेळा गेले, ठक्कर बाजारवरून पहाटेची एसटी, पोचायला साडेचार तास. चार वेळा भेटू दिलं, तीन वेळा आज साहेब नाहीत म्हणून गेटवरूनच परत. पहिल्या भेटीत ती लांबच उभी राहिली. दुसऱ्या भेटीत तिच्या फ्रॉकचं पाठीमागचं बटण तुटलेलं होतं म्हणून मी बांगडीतली सेफ्टी पिन काढून लावून दिली, तर ती मान वळवून वळवून पिनेकडे बघत होती आणि म्हणाली, तुझी?

ऑर्डर निघून १९ दिवस झाले. कागद मला पाच दिवसांपूर्वी मिळाला, खाली लिहिलंय ३० दिवसांत अपील करता येईल. वकील नाही, पैसे फारसे नाहीत. कोणी सांगेल का पहिलं पाऊल काय टाकू?

---

गंगापूररोडकर

ताई वाचून जीव कालवला. सरळ तिकडच्या कलेक्टरकडे जा, समिती त्यांच्या हाताखाली असते. आणि मुलीचा फोटो टाका इथे, ग्रुपवर फिरवू, चॅनेलवाले आले की सगळे हलतात बघा.

---

ॲडव्होकेट_सीबीएस

फोटो अजिबात टाकू नका. दादांचा हेतू चांगला आहे पण बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि समोरच्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल की बघा आईला मुलीची काळजी नाही.

कलेक्टरचं म्हणाल तर त्यांच्याकडे समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार करता येते, कलम २७ मध्ये आहे ते. गेटवरून तीनदा परत पाठवलं हे त्यात बसवून बघता येईल. फॉस्टर केअर आणि स्पॉन्सरशिपच्या निर्णयांवरचं अपीलही कलेक्टरकडेच जातं, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. पण तुमची ऑर्डर दत्तकमुक्तीची, म्हणजे मूल दत्तक द्यायला मोकळं ठरवल्याची आहे, ती फिरवायची तर कलम १०१ खाली बाल न्यायालयात अपील, आणि तेही ज्या जिल्ह्यातल्या समितीने ऑर्डर दिली तिथल्या कोर्टात. नाशिकच्या कोर्टात नाही.

३० दिवस ऑर्डरच्या तारखेपासून धरा, कागद हातात पडल्याच्या तारखेपासून नाही. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, पण तुम्ही त्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. कारण दत्तकमुक्त ठरलेलं मूल पुढे कारा या केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर जातं आणि एकदा कुठल्या कुटुंबाशी जुळणी झाली की प्रत्येक आठवडा तुमच्या विरोधात जातो. म्हणून अपील आणि स्थगितीचा अर्ज एकाच दिवशी, एकाच वेळी. नुसतं अपील टाकून आलात तर ऑर्डर आपोआप थांबत नाही, हे बरेच जण विसरतात.

आता ऑर्डर घेऊन बसा आणि तीन गोष्टी बघा. सह्या किती आहेत? दत्तकमुक्तीचा निर्णय समितीच्या किमान तीन सदस्यांनी घ्यावा लागतो. दुसरं, त्यात नेमका शब्द कोणता आहे? कायद्यात दत्तकमुक्त होतं ते मुख्यतः अनाथ, परित्यक्त किंवा पालकांनी स्वतः लिहून सोपवलेलं मूल. आई सांभाळायला असमर्थ आहे असं वाटलं तर समिती मुलाला आपल्या देखरेखीत ठेवू शकते, पण असमर्थ आई आणि टाकून जाणारी आई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचं अख्खं अपील या फरकावर उभं राहणार आहे. ज्या दिवसांत कोणी आलं नाही असं ते म्हणतात त्यातले अडीच महिने तुम्ही दवाखान्यात होतात आणि तुमचा भाऊ मुलीची मिसिंग देऊन बसला होता. डिस्चार्ज कार्ड आणि मिसिंगची नक्कल, हे दोन कागद सोन्याचे आहेत. तिसरं, कलम ३८ मध्ये मतिमंद पालकांच्या मुलांबद्दल वेगळी तरतूद आहे, तिचा आधार घेतलाय का बघा. घेतला असेल तर मानसिक आजार म्हणजे मतिमंदत्व नव्हे हे ठासून मांडायचं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये स्पष्ट आहे की नुसतं आजाराचं निदान झालं म्हणून सक्षम कोर्टाने ठरवल्याशिवाय माणूस अस्थिर मनाचा ठरत नाही.

पैशाचं टेन्शन सोडा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००. नाशिकला जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन अर्ज करता येईल पण वेळ कमी आहे, उद्याच्या उद्या सुट्टी टाकून तिकडच्या जिल्हा कोर्टात जा, तिथला वकील लागणार आहे. आणि पहिलं अपील नीट मांडा, कारण या कोर्टाच्या निकालावर दुसरं अपील नाही, नंतर हायकोर्टात रिव्हिजन, म्हणजे निकालाची फेरतपासणी, एवढंच राहतं.

---

निवृत्त_परिविक्षा_अधिकारी

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी फायलीबद्दल सांगतो. आयुष्यभर गृहभेटी करून असे अहवाल लिहिलेत म्हणून हक्काने बोलतोय.

बेटा, तुझ्या फायलीत तू नाहीस. त्या फायलीत एक बाई आहे जी अर्धा तास म्हणून गेली आणि आली नाही. तिच्यापुढचं कोणी लिहिलेलंच नाही. सातपूरचं घर, भाऊ, वहिनी, नोकरी, सिव्हिलची ओपीडी, यातलं काहीही तिकडच्या अधिकाऱ्याने बघितलेलं नाही कारण ते या जिल्ह्यात आहे. तेव्हा कोर्टाकडे आणि समितीकडे मागणी कर की नाशिकच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून घरचा सामाजिक चौकशी अहवाल मागवा. अपीलात हे वेगळं लिहून घे. शिवाय कलम ९५ मध्ये मूल ज्या जिल्ह्याचं तिकडे पाठवायची सोय आहे, मुलगी निदान नाशिकच्या संस्थेत आली तरी तुला दर रविवारी भेटता येईल.

एसटीची तिकिटं ठेवलीयस का? ठेवली असशील तर आत्ताच्या आत्ता झेरॉक्स काढ. ती मशीनची तिकिटं चार-सहा महिन्यांत पांढरीफटक होतात, एका आज्यांनी माझ्यासमोर पिशवीभर कोरे चिटोरे ओतले होते आणि रडत बसल्या होत्या, मला आजही ते टेबल दिसतं. संस्थेच्या भेटीच्या रजिस्टरची नक्कलही माग. गेटवरून परत आलीस त्या तारखांना रजिस्टरमध्ये काही नसणार, तिथे तिकिटच साक्ष देईल. इथून पुढे भेट नाकारली तर तिथेच उभं राहून साधा अर्ज लिहायचा आणि पोच घ्यायची. पोच नाही दिली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवायचा.

सिव्हिलच्या डॉक्टरांकडून नुसतं ‘फिट’ असं सर्टिफिकेट आणू नकोस. कधीपासून औषध, किती नियमित, आजार आटोक्यात आहे का, आणि मुलीचा सांभाळ करू शकेल का, एवढं लिहून माग. पुन्हा त्रास झाला तर घरात कोण लक्ष देणार हेही कोर्ट विचारेल, त्याचं उत्तर भावाने आणि वहिनीने प्रतिज्ञापत्रावर द्यावं. तू शिफ्टला असताना मुलगी कोणाजवळ, अंगणवाडी किती लांब, हे बारीकसारीक वाटतं पण अहवालाचं वजन यातच असतं.

आणि एक रागावू नकोस. समितीला वैरी समजून बोलू नकोस. त्यांच्यापुढे दोन वर्षांचं पोर होतं आणि मागे कोणी नव्हतं, त्यांनी तिला छप्पर दिलं. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की संस्था हा शेवटचा पर्याय, आधी घर. हे तू शांतपणे मागायचं. एकदम मुलगी द्या म्हणण्यापेक्षा आधी भेटी वाढवा, मग सुट्टीत घरी, मग देखरेखीखाली ताबा, असा टप्प्याटप्प्याचा मार्ग आपणहून मांडलास तर न्यायाधीशांनाही पाऊल उचलायला सोपं जातं. मुलगी घरी आल्यावर बाल संगोपन योजनेचा अर्ज कर, महिना २,२५० रुपये मिळतात, एकट्या आईला तो आधार असतो.

---

वाचते_फक्त

नेहमी नुसती वाचते, आज राहवलं नाही. नॉर्वेतली सागरिका चक्रवर्तीची केस आठवते का? २०११ मध्ये तिची दोन्ही मुलं तिथल्या बालसंरक्षण खात्याने काढून घेतली, तिच्या मनःस्थितीवरच बोट ठेवलं होतं. २०१२ मध्ये मुलं भारतात आली ती काकाच्या ताब्यात. मग बर्धमानच्या बाल कल्याण समितीनेच तिच्या बाजूने निर्णय दिला आणि जानेवारी २०१३ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने मुलं तिच्याकडे दिली. समिती आईच्या बाजूनेही उभी राहते, वर परिविक्षा अधिकारी काका म्हणतात ते खरंय. ताई तुम्ही खचू नका.

---

पेठरोडची_आजी

माझा नातू पावणेदोन वर्षं संस्थेत होता, लेक वारल्यावर जावयाने सोडला तिथे. मी अपील केलं आणि तो घरी आला. एक सांगते पोरी, कोर्टापेक्षा कठीण ते नंतरचं. पहिले दोन महिने तो निम्मी पोळी खायचा आणि निम्मी उशीच्या अभ्र्यात लपवायचा, मुंग्या व्हायच्या तेव्हा कळलं. मी ओरडले नाही, उशाला डबाच ठेवला पोळीचा, हळूहळू सुटलं. तुझी पोरगी तिकडच्या कोणा बाईला आई म्हणत असेल तर तोडून टाकू नको तिला, कोणीतरी जीव लावला म्हणून तर ती म्हणते. भेटीला जाशील तेव्हा प्रत्येक वेळी तीच ओढणी घेऊन जा, वास ओळखतात लेकरं.

---

सातपूरची_आई

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. वकीलसाहेब तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी गेले. तिकडच्या विधी सेवा ऑफिसने दोन दिवसांत वकील दिला, बाईच आहेत, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. २५ व्या दिवशी अपील आणि स्थगितीचा अर्ज दोन्ही दाखल झाले. ऑर्डरवर सह्या तीन आहेत, ते बरोबर निघालं. पण त्यात माझ्या दवाखान्याचा एका अक्षराने उल्लेख नाही, वकीलबाई म्हणाल्या आपण इथूनच सुरुवात करू.

काका, सातपैकी पाच तिकिटं सापडली. दोन पार उडालीत, पण बाकीच्यांवर तारीख वाचता येते, अर्ध्या तिकिटाचं असल्यामुळे बाईमाणूस होती हेही दिसतं. त्यातली दोन गेटवरून परत आले त्या दिवसांची आहेत. झेरॉक्सवाल्याने काळं गडद करून दिलं.

कोर्टाने पुढच्या तारखेपर्यंत पोर्टलवरची प्रक्रिया थांबवायला सांगितलीय आणि नाशिकहून घरचा अहवाल मागवलाय. गुरुवारी मॅडम येणार आहेत गृहभेटीला, भावाने सुट्टी टाकलीय, वहिनी दोन दिवस झाले घर घासतेय. एकच विचारायचं होतं काका, माझ्या गोळ्यांची डबी टीव्हीजवळ फळीवर असते, वारांचे कप्पे असलेली. वहिनी म्हणते त्या दिवशी आत कपाटात ठेवू, उगाच पहिल्यांदा तेच नजरेला पडेल. काय करू?

---

निवृत्त_परिविक्षा_अधिकारी

फळीवरच राहू दे. गुरुवारपर्यंतचे कप्पे रिकामे आणि पुढचे भरलेले दिसले पाहिजेत. फक्त जरा वरच्या फळीवर ठेव, तीन वर्षांच्या मुलीचा हात पोचणार नाही इतकी वर, आणि मॅडमने विचारलं की वर का ठेवलीय तर हेच कारण सांग.