शनिवारी ‘सिंहासन’, पण त्याआधी?

मंगळवार, रात्री, घरच्या ग्रुपवर (छोटू म्हणजे काका-काकूंचा मुलगा)

मी: शनिवारी सगळ्यांनी मिळून ‘सिंहासन’ बघायचं हे नक्की ना? मग एक विचारायचं होतं. कादंबरी आधी वाचून घेऊ का? चार रात्री हातात आहेत.

छोटू: ताई, आता सिनेमा बघायलाही अभ्यास करून यायचा का

काका: कादंबरी नाही, कादंबऱ्या. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, दोन्ही मिळून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 1979 मध्ये सिनेमा केला. नुसती ‘सिंहासन’ वाचून बसलीस तर अर्धा वेळ ‘हे कुठून आलं’ करत बसशील.

छोटू: दोन!! मी चाललो

काकू: आधी वाच गं. एकदा पडद्यावर बघितलं की संपलं. मग पुस्तकातही तीच माणसं तेच कपडे घालून फिरत राहतात.

छोटू: फिरू दे की आई. मला तर वाचताना चेहरे दिसतच नाहीत. नुसती नावं दिसतात. सिनेमा आधी बघितला तर निदान कोण कोणाचा कोण ते तरी कळतं.

आत्या: वहिनी म्हणतात ते मी भोगलंय. ‘नटरंग’ आला 2010 ला. मी आधी सिनेमा बघितला आणि मग आनंद यादवांची कादंबरी घेतली. गुणाचं नाव आलं की अतुल कुलकर्णी हजर. यादव काय सांगतायत ते नीट वाचायच्या आतच हा येऊन उभा. शेवटी मी एक युक्ती काढली. पुस्तक पालथं घालायचं, डोळे मिटायचे आणि त्या माणसाला दुसरं नाक द्यायचं. फक्त नाक, बाकी राहू दे. ते नाक टिकायचं दोन पानं. तिसऱ्या पानावर परत अतुल कुलकर्णी.

मी: दुसरं नाक 😂

आई: हसू नकोस, ती खरंच तशी बसायची. मला वाटायचं डोकं दुखतंय हिचं.

काका: पण त्यात वाईट काय? नट चांगला असला तर पुस्तकावर उपकारच करतो. मी या दोन्ही कादंबऱ्या सिनेमाच्या आधी वाचल्या होत्या. मनातल्या मनात एक मुख्यमंत्री उभा केला होता. आडव्या बांध्याचा, जाड भुवयांचा, बोलताना समोरच्याकडे न बघणारा. मग सिनेमात अरुण सरनाईक आले. त्या दिवसापासून माझा मुख्यमंत्री जो गेला तो गेला. वर हा सिनेमा म्हणजे लागू, निळू फुले, सतीश दुभाषी, सगळे एकाच वेळी. माझी सगळी माणसं एका रात्रीत बेघर.

काकू: म्हणजे आधी वाचूनही काही उपयोग झाला नाही.

काका: नाही झाला.

छोटू: केस संपली. सिनेमा आधी.

आत्या: संपली कशी? दादाला निदान माहीत आहे की त्याचा एक होता आणि तो गेला. भुवया जाड होत्या हेसुद्धा आठवतंय. मला माझा गुणा कसा दिसला असता हे कधीच कळणार नाही. तो झालाच नाही.

आत्या: छोटू, तुला हे आत्ता कळायचं नाही.

छोटू: चेहरेच दिसत नाहीत म्हटलं ना मी!

बाबा: [फॉरवर्ड] रोज दहा मिनिटं टाळ्या वाजवण्याचे सात फायदे

आई: अहो, इथे काय चाललंय, तुम्ही काय पाठवताय?

बाबा: चुकून आलं. काय चाललंय?

आई: आधी वाचायचं की आधी बघायचं. तुम्ही बोलूच नका, मीच सांगते. ह्यांच्याबरोबर ‘गॉडफादर’ बघितलाय मी. ह्यांचं पुस्तक वाचून झालेलं. सिनेमाभर कानात काय, तर ‘हे गाळलं’, ‘ते गाळलं’. म्हाताऱ्याचं तरुणपण कुठे गेलं म्हणून तर असे अस्वस्थ, जसं काही घरातलंच कोणी राहून गेलं. आधी वाचणाऱ्याला सिनेमा बघायचा नसतो, तपासायचा असतो.

बाबा: बरोबरच बोललो होतो. 1972 च्या पहिल्या भागात नाहीच ते. तरुण विटो 1974 च्या दुसऱ्या भागात आला. आणि मी दोनदाच बोललो.

आई: मध्यंतराच्या आधी दोनदा.

छोटू: पण लेखक असला तर त्याने तरी गाळू द्यायचं नाही ना

बाबा: पटकथेत लेखक पुझो स्वतः होता, दिग्दर्शक कोपोलाबरोबर. त्यालाही गाळावंच लागलं.

काका: हिशोबच तसा आहे रे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर ढोबळ एक मिनिट, असं त्या धंद्यात धरतात. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे दीडशे पानं, तीसुद्धा संवाद सुटे-सुटे लिहून अर्धी कोरी. त्यात चारशे पानांची कादंबरी कोंबायची. हातपाय कापल्याशिवाय बसेल का? उलट कथा घेतली की भर घालावी लागते. प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाडी’ एका बैठकीत वाचून होते. 1977 मध्ये सत्यजित रायनी तिच्यावर पूर्ण लांबीचा सिनेमा केला, त्यात वाजिद अली शाह आणि इंग्रज रेसिडेंटचं राजकारण केवढं तरी वाढवलं. शेवटही बदलला. कथेत ते दोघे दोस्त तलवारी काढून एकमेकांना मारतात, सिनेमात जिवंत राहतात आणि परत पट मांडतात.

छोटू: बाबा!!!! शेवट सांगितला

काका: कथा 1924 ची आहे. अजून किती वर्षं गप्प बसायचं?

छोटू: एका वाक्यात दोन शेवट. पुस्तकाचा पण आणि सिनेमाचा पण. आता काहीही आधी केलं तरी चालेल.

आजी: [आवाजी संदेश, 2:48]

काका: मी बाहेर आहे, ऐकता येत नाही. कोणीतरी टाइप करा.

मी: थांबा, लिहिते. आजी म्हणतेय:

“मी ‘गाईड’ आला तेव्हाच बघितला, 65 साली. शेवटी पाऊस येतो, सगळं थिएटर रडत होतं, मीही रडले. मग पुष्कळ वर्षांनी ह्यांनी नारायणांचं पुस्तक आणलं. इंग्रजी. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, दोन महिने लागले. शेवटाला आले तर पाऊस नाहीच! म्हणजे पडला की नाही ते तो लेखक सांगतच नाही. राजूला वाटतं, तिकडे डोंगरात पडतोय, पायांना जाणवतोय, आणि तो खचतो. बस. पुस्तक संपलं. मला वाटलं पान फाटलंय. मागून पुढून बघितलं. मग लक्षात आलं की एवढंच आहे. त्या रात्री झोप लागली नाही मला. सिनेमात पाऊस पडला तेव्हा मी रडून मोकळी झाले होते. पुस्तकाने मोकळं होऊ दिलं नाही. आधी पुस्तक वाचलं असतं ना, तर तो पडद्यावरचा पाऊस मला खोटाच वाटला असता. आता दोन्ही आहेत माझ्याकडे.”

मी: शेवटी खोकतेय आणि मग फोन कसा बंद करायचा ते विचारतेय.

काकू: आईंनी माझ्यावर पाणीच ओतलं.

आत्या: आईने हे मला कधीच सांगितलं नाही 🙁

छोटू: आजी माझ्या बाजूने आहे हे सगळ्यांनी नोंद करा

आत्या: तुझ्या बाजूने कुठे? तिने नंतर का होईना, दोन महिने शब्दकोश घेऊन पुस्तक वाचलं. तू सिनेमा बघून पुस्तक उघडणार आहेस का? खरं सांग.

छोटू: (बाहेर पडलो)

काकू: बाहेर नाही पडलाय, शेजारच्या खोलीतच आहे.

आत्या: सिनेमा आधी बघणाऱ्यांशी माझं भांडण नाहीये. ‘आता बघितलंय, वाचायचं कशाला’ म्हणणाऱ्यांशी आहे. ‘सिंहासन’मध्ये सुरेश भटांची गझल आहे, आशाबाईंच्या आवाजात. ती पुस्तकात कुठून येणार? तेवढ्यासाठी सिनेमा बघावाच. पण एखादा माणूस तोंडाने एक बोलत असताना डोक्यात काय शिजवतोय, ते कादंबरी पानभर सांगते. पडद्यावर तेवढ्या वेळात नट फक्त चष्मा काढतो आणि पुसतो. लागूंनी पुसला तर त्यातही पुष्कळ कळतं म्हणा.

काका: मग ठरवा. माझ्याकडे दोन्ही पुस्तकं आहेत. ‘मुंबई दिनांक’ आधीची, तीच आधी घे. चार रात्रींत दोन्ही होणार नाहीत, उगाच पळवू नकोस. जेवढं होईल तेवढं. पान 61 ते 64 सुटी आहेत, वाचताना पडली तर क्रमाने लाव.

मी: छोटू घेऊन येईल का?

छोटू: न वाचणाऱ्याने हमाली करायची. बरं.

आई: आणि शनिवारी ह्यांची खुर्ची मागे लावायची. एकटी.

बाबा: मी हे पुस्तक वाचलेलंच नाही.

आई: तरी मागे.

बुधवार, रात्री 11:40

मी: काका, झोपलात का?

काका: नाही. किती झालं?

मी: मुख्यमंत्री आले.

काका: वा. कसे आहेत?

मी: अरुण सरनाईकांसारखे. तुम्ही नाव घेतलंत म्हणून काल रात्री मी त्यांचा फोटो शोधून बघितला. फक्त बघितला! आता दुसरं कोणी येतच नाहीये.

काका: अरेरे. चूक माझी.

आत्या: मी जागी आहे. पुस्तक पालथं घाल, डोळे मीट, दुसरं नाक दे.

मी: दिलं.

आत्या: मग?

मी: दीड पान.