टेबल सॉवर फेन्स आणि मायटर गेज एकत्र नको

टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीवर) फळी आडवी कापताना ती फेन्सला (ब्लेडला समांतर बसवलेल्या आधारपट्टीला) टेकवून कापा, असा सल्ला कुणी दिला तर तसं प्लीज करू नका, लाकडाच्या रेषांना आडवा काप घेताना सुटलेला तुकडा फेन्स आणि ब्लेडच्या मधे अडकून तिरका झाला की ब्लेड तो सरळ तुमच्या अंगावर फेकतं. सगळे तुकडे एकाच मापाचे हवे असतील तर फेन्सला ब्लेडच्या बरंच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करा, फळी त्याला टेकवून माप घ्या आणि मग मायटर गेजने (टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या, फळीला मागून आधार देणाऱ्या पट्टीने) पुढे ढकला, म्हणजे कापताना तुकडा मोकळा राहतो. स्लेड (फळी वर ठेवून ब्लेडकडे सरकवायचा, खाचेत सरकणारा पाट) बनवलीत तर अजून उत्तम. ब्लेड ६० किंवा ८० दातांचं घ्या, २४ दातांच्या ब्लेडने सागाच्या कडेचे छिलके निघतात. आणि ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय तुकडा उचलायला हात घालू नका, ग्लोव्ह्जही नकोत.