जुन्या पंचांगातली ग्रहणं बरोबर यायची, मग गणित बदललं कशाला?

खाडीकिनारा (ठाणे)
शुक्ल अष्टमीला उपवन तलावाशी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी चंद्रदर्शन ठेवायचं आहे. सोबत येणारे आजी-आजोबा हमखास विचारतात: "ग्रहलाघव या जुन्या पंचांग-गणिताच्या ग्रंथावरून ग्रहणं बरोबर निघत होती, मग ते चूक कसं? आणि विज्ञान सारखं बदलतं, तर त्यावर भरवसा का ठेवायचा?" राहू-केतूचा विषयही निघतो. कुणाला दुखवायचं नाही, पण गोलमोल उत्तरही नको. नेमकं काय सांगावं?

घटीपळे
ग्रहणं बरोबर यायची हे खरंच आहे, तिथूनच सुरुवात करा.

चंद्र एकसारख्या गतीने चालत नाही. मध्यम (सरासरी) गतीने तो जिथे असायला हवा त्याच्या पुढे-मागे असतो, ते मंदफल. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात ते जास्तीत जास्त 5 अंशांच्या आसपास. आजच्या गणितात मुख्य फरक 6.29 अंशांचा, आणि सूर्याच्या ओढीने येणारा दुसरा 1.27 अंशांचा. अमावास्या-पौर्णिमेला दुसरा पहिल्यातून वजा होतो, उरतात 5.02. अष्टमीला तोच मिळवला जातो, होतात 7.56. म्हणजे जुना आकडा पर्वकाळी (अमावास्या-पौर्णिमेला) चपखल बसतो आणि अष्टमीला अडीच अंशांपर्यंत चुकतो. ग्रहणं तर पर्वकाळीच होतात! ग्रहणांशी जुळणारा आकडा ग्रहणांवरच तपासत राहिलं, तर त्यातली उणीव कधीच दिसणार नाही.

तिथी चंद्र-सूर्यातल्या अंतरावरून ठरते, म्हणून अडीच अंश म्हणजे अष्टमी संपण्याच्या वेळेत जवळजवळ पाच तासांचा फरक. जुना नियम 'बाणवृद्धी रसक्षय': 60 घटींत (घटी म्हणजे 24 मिनिटं) जास्तीत जास्त 5 ची वाढ किंवा 6 ची घट, म्हणजे तिथी 54 ते 65 घटींची. आकाशातली तिथी 50 ते 67 घटींची भरते, म्हणून आता 'सप्तवृद्धी दशक्षय'.

"सारखं बदलतं" याचं उत्तरही यातच आहे. नव्या गणितातून जुने 5 अंश आपोआप निघतात, ते कुठे चालतात आणि कुठे नाही हेही कळतं. नव्या सिद्धान्ताकडून एवढी अपेक्षा ठेवायलाच हवी. आणि सिद्धान्त उठसूट बदलत नाहीत. चंद्राचं उपभू (कक्षेतला पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू) ज्या वेगाने सरकतं तो वेग न्यूटनच्या नियमाने निम्माच येत होता, म्हणून 1747 मध्ये फ्रेंच गणिती क्लेरोने नियमातच दुरुस्ती सुचवली. 1749 मध्ये त्यानेच आकडेमोड आणखी पुढे नेली, तेव्हा नियम बरोबर आणि गणित अपुरं होतं असं निघालं. बुधाच्या कक्षेच्या सरकण्यात मात्र शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) फरक कशानेच मिटेना. तिथे 1915 मध्ये आइन्स्टाइनचा नवा सिद्धान्तच लागला.

शके१४४२
धर्माच्या बाजूने थोडं. वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट लिहिलंय की चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो, राहू हे कारण नव्हे. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये राहू नाकारणाऱ्यांवर टीका केली, पण ग्रहणाचं गणित स्वतःही छायेवरूनच केलं. आजी-आजोबांना हे जरूर सांगा, वाद आपल्याच ग्रंथांत आहे.

ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ मुरुडजवळच्या नांदगावचे. 1520 च्या या ग्रंथात त्यांनी एकाच सिद्धान्ताला धरून न राहता, ज्याचा जो ग्रह आकाशाशी जुळेल तो त्याचा घेतला. सूर्यसिद्धान्ताच्या चंद्रातून 9 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वजा केल्या. म्हणजे दुरुस्ती हा परंपरेचाच भाग होता. फक्त मूळ आकडे बदलले, अष्टमीची उणीव तशीच राहिली. (मुंजालाने 932 च्या लघुमानसात चंद्राला दुसरा संस्कार (दुरुस्ती) दिला होता. तो सर्वत्र रुजला नाही, याची खंत वाटते.)

केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1865 पासून इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे पंचांग काढलं, तेव्हा विरोध झाला तो व्रतं आणि श्राद्धं हलतात म्हणून. पाठिंबाही धर्माच्याच नावाने मिळाला: तिथी चुकली तर व्रत चुकलं, म्हणून दृक्प्रत्यय (गणित आकाशाशी जुळणं) हवा. नवं गणित उशिरा रुजण्याचं आणखी एक कारण अगदी व्यवहाराचं. ग्रहलाघवात ज्यापत्रक (साइनचं कोष्टक) लागत नाही, दिवस 4016 च्या चक्रांत मोजल्यामुळे आकडेही लहान राहतात. तितकं सोपं नवं साधन हाती येईपर्यंत गावोगावचा पंचांगकर्ता जुनं सोडणार कसा? व्यंकटेश बापूजी केतकरांच्या कोष्टकांनी ती अडचण दूर केली.

खाडीकिनारा
उत्तम. मग टिळक आणि दाते पंचांगांत अधिकमास कधीकधी वेगळा येतो, तोही असाच चूक-बरोबरचा वाद का?

घटीपळे
नाही, हे वेगळं ठेवा. ते राशिचक्राचा शून्य कुठे धरायचा यावर अवलंबून आहे, रेवतीच्या ताऱ्याशी की चित्रेच्या समोर. फरक सुमारे 4 अंश. दुर्बिणीने हा प्रश्न सुटत नाही, तो ठरवण्याचा आहे. मेघनाद साहांच्या पंचांग-सुधारणा समितीने 21 मार्च 1956 साठी अयनांश (वसंतसंपातापासून या शून्यापर्यंतचं अंतर) 23 अंश 15 कला ठरवले, ते याच जातीचं. तिथी मात्र चंद्र-सूर्यातलं अंतर असल्यामुळे तीत अयनांश येतच नाहीत.

पामबीच (नवी मुंबई)
मुलांना हे डोळ्यांनी दाखवता येईल. तारानकाशावर त्या वेळच्या चंद्राचे दोन ठिपके काढा, एक फक्त 5 अंशांचं मंदफल धरून, दुसरा पूर्ण गणिताने. मध्यम चंद्र दोन्हींत आजचाच घ्या, नाहीतर पाचशे वर्षांची इतर चूक मिसळते.

अष्टमी निवडताना चुकू नका. उपभू साधारण अमावास्येला किंवा पौर्णिमेला असावं. उपभू किंवा अपभू (सर्वांत दूरचा बिंदू) अष्टमीलाच आलं तर दोन्ही संस्कार शून्य होतात, ठिपके एकावर एक पडतात आणि मुलं म्हणतील जुनंच बरोबर.

पावसाळ्यात आभाळ मिळत नाही. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीची अष्टमी साधा: चंद्र रोहिणीजवळ असतो, आणि ठाणे 19.2 अक्षांशावर असल्याने संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर. त्यामुळे लंबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी आपण पृष्ठावरून पाहतो म्हणून चंद्राच्या जागेत दिसणारा फरक) नगण्य. क्षितिजाजवळ तेच जवळपास 1 अंश होऊन निकाल बिघडवतं. ठिपक्यांतलं अंतर चंद्राच्या पाच बिंबांएवढं असतं, साध्या डोळ्यांना पुरतं. 7×50 ची द्विनेत्री असेल तर तिच्या 7 अंशांच्या क्षेत्रात दोन्ही जागा एकदम मावतात. निरीक्षणाची वेळ मिनिटासकट लिहून ठेवा, कारण चंद्र तासाला स्वतःच्या बिंबाएवढा सरकतो.