बायोमेडिकल सायन्सच का? अर्जात काय लिहू?

दोडामार्गवाली: बारावी झाली, बायोमेडिकल सायन्सला जायचंय पण अर्जात 'हाच विषय का' या रकान्यात "लोकांना मदत करायची आवड" याच्या पुढे गाडीच सरकत नाहीये. बाबांचं एकच पालुपद, डॉक्टर हो नायतर बीएड कर.

काजूबोंडू: मदतबिदत सगळेच लिहितात गं. तुमच्या दोडामार्गात २०१६ पासून माकडताप आहे ना, तेच लिही की. व्हायरस १९५७ लाच कर्नाटकात सापडलेला, गोचीड चावून होतो, तरी काजूच्या बागेत जाणारा माणूस अजून अंगाला गोचीड पळवायचं तेल चोपडूनच जातो. यातलं तुला काय खटकतं ते लिही, बास.

महाडकर: आमच्याकडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बघ. विंचवाच्या विषाने अंगात अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं उसळतात, फुफ्फुसात पाणी होतं, त्यावर त्यांनी ब्लडप्रेशरची प्राझोसिन गोळी वापरली. ते डॉक्टर, पण 'असं का होतं' हा प्रश्न तुझ्याच विषयातला. आणि हो, ही डिग्री घेऊन दवाखाना टाकता येत नाही, बाबांना आत्ताच सांग, नंतर बोंब नको.

दोडामार्गवाली: माकडताप म्हटल्यावर बाबा गप्पच झाले, आमच्या काजूतला गडी गेल्या सीझनला तापाने आडवा पडलेला. दवाखान्याचं उद्या सांगते, आज मूड बरा आहे त्यांचा 😅