अनुभव धागा: शाळेच्या ऑफिसातली आजी

अमळनेरी
चुलतभावाच्या जात पडताळणीला 1967 च्या आधीची नोंद हवी होती, म्हणून परवा आजोबांचा उतारा काढायला त्यांच्या शाळेत गेलो. आजोबा सापडले. शिपाई जनरल रजिस्टरची पुढची पानं उलटत होता, तर पानंच्या पानं आमच्या आजीच्या अक्षरात! नोंदी निळ्या शाईत, शाळा सोडून गेलेल्यांचा शेरा लाल शाईत, 'ळ'चं पोट गरगरीत. ती तिथे क्लार्क होती, थेट रिटायर होईपर्यंत. गावात तिला नावाने कोणी ओळखत नव्हतं. 'ऑफिसातल्या बाई', बस.

मे महिन्याची सुट्टी मास्तरांना, क्लार्कला कुठली? 1 मेला निकाल लागला की शिक्षक आपापल्या गावी, आजी ऑफिसात आणि आम्ही नातवंडं तिच्या मागे. बाहेर 45 अंश, आत एकच पंखा, तोही कागद उडतात म्हणून एकवर. प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही वजन ठेवलेलं. शिक्क्याची डबी, मोडकं कुलूप, एकावर तर घंटा वाजवायचा टोला. आमचं काम पॅडवर शाई सोडायचं. दाखल्यावर खाडाखोड झाली की तो रद्द, जन्मतारीख अंकी-अक्षरी दोन्ही जुळलीच पाहिजे.

पण एखादा बाप मधेच पोराचा दाखला काढायला आला की लगेच द्यायची नाही. "साहेब नाहीत, उद्या या." साहेब आत चहा पीत असायचे. दुसऱ्या दिवशी त्याला माठातलं पाणी द्यायची आणि विचारायची, "काब्र काढी ऱ्हायना पोरले?" (का काढतोस पोराला?) बरेच जण दाखला न घेता परत जायचे. सगळे नाही.

तुमच्याकडे असं कोणी असेल तर लिहा.

भुसावळ जंक्शन
45 चं कौतुक आम्हाला नका सांगू, आमच्याकडे 45 ला स्वेटर शोधतात 😀 आजी मात्र जबरदस्त.

एकजूनवाला
अशाच एका बाईंमुळे माझा वाढदिवस 1 जून. आमच्या वर्गात निम्मे तसेच. आई म्हणते तू कानबाईच्या (आमची खान्देशातली देवी) रोटांच्या दिवशी झाला, म्हणजे श्रावण! पण जूनमध्ये वय पूर्ण दिसलं की झालं, कोण विचारतो. आता 1 जूनला शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केक-केक होऊन बंद पडतो.

अमळनेरी
@एकजूनवाला आजीला हे विचारलं की चिडायची. "बाप सांगे, गारा पडन्यात त्या साली झाला. गारांची तारीख मी कुठून आणू?"

सावदेकरीण
फोनवरून लिहितेय, कुकर लावलाय. माझी आजी पगारबिलं करायची. मार्च महिना म्हणजे घरात सुतक, कोणी मोठ्याने बोलायचं नाही. सेवापुस्तकं जुन्या लुगड्यात गाठोडं बांधून एसटीने जळगावला पडताळणीला न्यायची, खिडकीशी बसायची नाही, पाऊस लागेल म्हणून. अख्ख्या शाळेच्या पेन्शन केसेस तिने मार्गी लावल्या आणि तिची स्वतःचीच अडकली. सेवापुस्तकात एका पानावर सही राहिलेली, आणि सही करणारे तोवर वारलेले. त्या कार्यालयातल्या माणसाने सांगितलं, त्यांचीच सही आणा. आजी म्हणाली, "आणते, पण मग परत यायची नाही मी." मिळाली शेवटी. शिट्टी झाली, येते.

भुसावळ जंक्शन
😂😂 'परत यायची नाही मी'

मास्तरचा नातू
अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आठवतातच. 1924 ते 1930 तिथे शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' दैनिक स्वतः हाताने लिहायचे. त्यांचाही पगार कोणीतरी क्लार्कनेच काढला असेल ना? त्याचं नाव कोणाला माहीत नाही. आमच्या आजोबांच्या निरोप समारंभात हारतुरे मास्तरांना आणि क्लार्क बाई हारांचे पैसे जमा करत होत्या. चीड येते.

जामनेरचा
माझी आत्या पीजेने, म्हणजे पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेने शाळेत जायची. गाडीला उशीर झाला की मस्टरवर लाल रेघ. शेवटी तिने गार्डकडूनच चिठ्ठी लिहून आणायला सुरुवात केली. 2020 ला गाडी बंद पडली ती पडलीच. डब्यात बसून केळी सोलत...

तापीकाठ
कानबाईचा विषय निघालाच आहे तर, रोटांचं पीठ तुमच्याकडे अजून घरी दळतात का? आमच्या आजीला सोमवारी विसर्जन म्हणून अर्धी रजा लागायची. हेडमास्तर बाहेरचे, त्यांना कळायचं नाही. त्यांच्या टेबलावर पुरणाचे मांडे गेले की लगेच मंजूर.

एकजूनवाला
@तापीकाठ जातं आहे, त्याच्यावर टीव्ही ठेवलाय. गिरणीवालाच आधी चक्की धुऊन देतो. आणि रोट नाही द्यायचे बाहेरच्याला, मांडे चालतात बरोबर.

सावदेकरीण
आले. मांड्यांचं नाव काढू नका, पुण्यात ते भाजायचं खापर कुठे मिळतं? इथे भरताला वांगीसुद्धा काटेरी काळी देतात.

भुसावळ जंक्शन
आमच्या बामणोदची वांगी पाठवतो, काड्यांवर भाजायची तयारी असेल तर. गॅसवर भाजणार असाल तर नाही पाठवत.

सावदेकरीण
बिल्डिंगमध्ये तुरकाठ्या पेटवू? सोसायटीचे सेक्रेटरी दाखला देतील हातात.

अमळनेरी
त्यांना म्हणा, साहेब नाहीत, उद्या या 😄